दिव्याखाली ऑइल

रविवारी मी आमच्या गाडीचं इंजिन ऑइल स्वतःच्या हाताने बदललं. हे वाक्य गेल्या आठवड्यात मी इतक्या जणांना ऐकवलंय, की मला येताना बघितलं की आमचे वॉचमनमामा मोबाइल कानाला लावतात.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो. बायकोला वाटेत बँकेत सोडायचं होतं. किल्ली फिरवली, स्पीडोमीटरच्या पोटातले सगळे दिवे नेहमीसारखे लागले, नेहमीसारखे एकेक करून विझले, आणि एक पिवळा पाना तेवढा राहिला. त्याच्या शेजारी अक्षरं : सर्व्हिस ड्यू.

“अहो, काल तुम्ही नक्की काय केलंत?”

“ऑइल बदललं.”

“मग हे काय?”

“त्याचं असं आहे, गाडीला अजून माहीत नाहीये.”

“काय माहीत नाहीये?”

“ऑइल बदललंय ते.”

“पण बदललंत ते तिचंच ना?”

मी गिअर टाकला. नवऱ्याचा शब्द खरा की पिवळा दिवा खरा, याचा निकाल बायकोने कर्वे पुतळा यायच्या आत लावला होता. बँकेपाशी उतरताना म्हणाली, “संध्याकाळी कुणातरी माहितगार माणसाला दाखवून या.”

मुळात हा उद्योग मी का केला, तर मागच्या वर्षीच्या बिलामुळे. ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली होती त्याचं नाव सांगत नाही. बिलात सतरा ओळी होत्या एवढं सांगतो. ऑइल, फिल्टर इथपर्यंत ठीक. पण दाराच्या बिजागऱ्यांना ग्रीस, एसीचं निर्जंतुकीकरण, आणि ‘कन्झ्युमेबल्स’. आमच्या दारांनी बिजागरीबद्दल कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय, असं मी टाय लावलेल्या मुलाला विचारलं. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, म्हणजे जे कन्झ्यूम होतं ते.” त्या क्षणी माझ्यातला कारागीर जागा झाला. घराण्यात कारागीर कुणी नव्हतं, वडील पोस्टात होते. पण वडील स्वतःच्या स्कूटरचा प्लग स्वतः काढून पॉलिश पेपरने घासत, आणि तेवढ्या वारशावर मी दुकानात जाऊन साडेतीन लिटर ऑइल मागितलं.

“कुठलं? फाइव्ह डब्ल्यू थर्टी?”

मी हो म्हटलं. घरी येऊन डबा वाचला. या आकड्यांमधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा इंजिन तापल्यावरचा. आणि तो थंडीचा ५ ठरवतात तो उणे तीस-पस्तीस अंशांतली चाचणी घेऊन. पुण्यात पारा दहावर आला की पेपरात ‘पुणेकर गारठले’ असा मथळा येतो, आणि वेण्णा तलावावर दवबिंदू गोठले की माणसं ते बघायला गाड्या काढून महाबळेश्वरला जातात. आमच्या गाडीने सोसलेली सगळ्यात कडक थंडी म्हणजे गेल्या डिसेंबरातली सिंहगडाच्या पायथ्याची. तरी एक बरं वाटलं. उद्या सैबेरियात बदली झालीच, तर निदान ऑइलची सोय आहे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादा माणूस गाडीखाली आडवा झाला, की पाच मिनिटांत चार माणसं जमतात आणि चौघांनाही त्यातलं कळत असतं. “जॅकवर भरवसा ठेवू नका, घोडी लावा,” असं एकजण म्हणाले. ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि घोड्या मी आधीच लावल्या होत्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाण्याइतका आमचा विमा मोठा नाही. दुसऱ्यांनी इंजिन थोडं गरम करून मग ऑइल काढा म्हणून सांगितलं, तेही बरोबर. गरम ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं. तिसऱ्यांनी “हे सगळं करण्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्यायची” असं म्हणून विषय संपवला. चौथे अण्णा. ते काहीच बोलले नाहीत, फक्त हसले. हे अण्णा पुढे येणार आहेत.

चेंबरचा नट सतरा नंबरच्या पान्याने हलला तेव्हा जो आनंद झाला, तो दहावीच्या निकालाला झाला नव्हता. शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवले, आणि नट हातातून निसटून घमेल्यात पडला. तो तसा पडतोच म्हणतात. त्यानंतर जे झालं ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घमेलं भोकाच्या बरोबर खाली ठेवलं होतं. ऑइल सरळ खाली पडत नाही. चेंबर भरलेला असताना धार आडवी सुटते, चांगली वीतभर लांब, आणि आत ऑइल कमी होत जातं तशी ती कमान आखडत आखडत भोकाखाली येते. म्हणजे घमेलं आधी लांब धरायचं आणि मग हळूहळू जवळ ओढायचं. मी उलट केलं. पहिला पाव लिटर फरशीने घेतला, त्यातला काही भाग माझ्या बाहीने. तो काळा ओघळ दिव्याच्या काजळीसारखा चकाकत चेअरमनसाहेबांच्या स्कूटरकडे निघाला, आणि मी त्याच्यापुढे शनिवारच्या पुरवणीचे बांध घालत बसलो.

बाकी काम तसं सुरळीत झालं. फिल्टर पिळून काढला, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना ते बघितलं (राहिली आणि वर नवी बसली, तर सगळं ऑइल रस्त्यावर), नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावलं, हाताने घट्ट बसवला. नटाखालचं वायसर नवीन टाकलं. नट किती आवळायचा यावर पुन्हा तिघांची तीन मतं पडली. फार आवळला तर चेंबरचे आटे जातात, कमी आवळला तर नट जातो. बायकोच्या नरसाळ्यातून नवं ऑइल ओतलं. ते मधासारखं दिसत होतं, आणि ते नरसाळं आता स्वयंपाकघरात परत येणार नाही असं मला वरून, तिसऱ्या मजल्यावरून, कळवण्यात आलं. इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं, जरा थांबून ऑइलची पट्टी ओढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या किंचित खाली. ही पट्टी मी चारचौघांना फिरवून दाखवली. डायरीत लिहिलं : ४२,६४० किलोमीटर. पुढचं ५२,६४० ला, किंवा वर्षाने, जे आधी होईल ते.

आणि सोमवारी पाना.

आता या पान्याचं पितळ उघडं पाडायलाच हवं. स्पीडोमीटरमध्ये दोन दिवे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक लाल, तोटीतून थेंब गळणाऱ्या झारीसारखा. तो खरा. इंजिनातल्या ऑइलचा दाब प्रत्यक्ष मोजून तो बोलतो, आणि चालत्या गाडीत लागला तर वाद न घालता बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. दुसरा हा पिवळा पाना. याला ऑइलमधलं ओ की ठो कळत नाही. ऑइल काळं की पिवळं, आहे की नाही, हेसुद्धा माहीत नसतं. तो मोजतो किलोमीटर आणि दिवस. दहा हजार किलोमीटर झाले, नाहीतर वर्ष उलटलं, की हा उगवतो. चेंबरमध्ये तुम्ही गाईचं तूप ओतलंत तरी त्याला पत्ता लागायचा नाही. वडिलांच्या पोस्टात एक साहेब होते, ते हजेरीपुस्तकावर सही आहे का एवढंच बघत. माणूस खुर्चीवर आहे का, ते बघत नसत. पाना त्या साहेबांच्या वंशातला.

आमचे मेहुणे न्यू जर्सीला असतात. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “तुमच्याकडे अजून किलोमीटर मोजतात? आमच्या होंडाला टक्के येतात.” त्यांच्या गाडीत ऑइलचं आयुष्य टक्क्यांत दिसतं आणि पंधरा टक्क्यांवर आलं की पाना उगवतो. मी चिडून माहिती काढली, तर तिकडेही गाडी ऑइल चाखून बघत नाही. इंजिन कसं चाललं, किती तापलं, यावरून ती हिशोब मांडते. ही कल्पना जनरल मोटर्सच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत आणली. इंजिनाचे फेरे आणि ऑइलचं तापमान यांचं ते गणित. त्याच सुमाराला बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत पाच हिरव्या दिव्यांची ओळ असे. ऑइल जुनं होत जाई तसा एकेक हिरवा विझे, मग पिवळा लागे, मग लाल. ते पाचही परत पेटवायला इंजिनापाशी असलेल्या सॉकेटमध्ये खोचायचं वेगळं यंत्र लागायचं. ते यंत्र गॅरेजकडे असायचं आणि गाडी मालकाकडे. यात जर्मन कारागिरी किती आणि व्यवहार किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आमच्या वडिलांच्या चेतकला असलं काही नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि पेट्रोलबरोबर धूर होऊन निघून जायचं. जुनं ऑइल काढून नवं घालायचं, तर ते फक्त गिअरच्या पेटीतलं. आठवण करून द्यायला दिवा लागत नसे. गाडी सुरू झाली नाही की आठवण व्हायची, मग ती डाव्या अंगाला आडवी करायची, सरळ करायची, आणि पुन्हा किक. नंतर मामांनी सेकंडहँड पद्मिनी घेतली. तिच्या स्टिअरिंगपाशी सुतळीने एक पुठ्ठ्याचं कार्ड लोंबायचं, त्यावर फिटरच्या अक्षरात बॉलपेनने पुढच्या ऑइलचा आकडा. त्या कार्डाशी कुणाचा वाद झाल्याचं ऐकिवात नाही.

असो. पाना घालवायचा तर सांगायचं कसं? गाडीचं माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं. जवळपास चारशे पानं. लहान मुलाला मागच्या सीटवर कसं बांधावं यावर पंधरा पानं आहेत. सर्व्हिसचा दिवा विझवण्यावर एकच ओळ आहे, तीही ‘अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा’. म्हणजे ज्यांना टाळायला मी अडीच तास फरशीवर झोपलो, त्यांच्याच दारात जाऊन सांगायचं, की साहेब, काम मी केलंय, तेवढा शिक्का मारा. झारीतले शुक्राचार्य म्हणतात ते हेच असावेत.

मग मुलीने मोबाइलवर काहीतरी शोधून दिलं. स्पीडोमीटरच्या काचेतून बाहेर आलेली ती काळी काडी असते ना, ती दाबून धरायची आणि किल्ली फिरवायची. मंगळवारी दाबली. ट्रिप मीटर शून्य झाला. बुधवारी जास्त वेळ दाबली. घड्याळ बारा तासांवरून चोवीस तासांवर गेलं आणि परत यायला तयार होईना. त्या संध्याकाळी आम्ही १९:४० ला जेवायला बाहेर पडलो. गुरुवारी दोनदा दाबली तर डिस्प्लेचा उजेड इतका मंद झाला, की क्षणभर पाना गेलाच असं वाटलं. तो गेला नव्हता, फक्त शालीनपणे लागत होता. आणि या भानगडीत ‘ट्रिप बी’ पुसला गेला. तो मी गणपतीपुळ्याला निघताना लावला होता आणि नंतर कधीच शून्य केला नव्हता. दोन वर्षं तो गुपचूप मोजत होता. बायकोला हे सांगितलं नाही. तिच्या हिशोबात मी आधीच गाडी बिघडवलेला होतो.

शुक्रवारी सोसायटीत बातमी पक्की झाली, की अमक्यांनी स्वतः ऑइल बदललं आणि गाडीत फॉल्ट आला. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका बाईंनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

शनिवारी मी पुन्हा काडी दाबत बसलो असताना काचेवर टकटक झाली. अण्णा. हातात दुधाची पिशवी.

“ओडोमीटर दिसतोय का आधी?” अण्णांनी विचारलं.

“म्हणजे?”

“खाली ट्रिप बी आलाय तुमचा. त्याच्यावर असताना वर्षभर दाबलंत तरी ट्रिपच शून्य होणार. आधी टकटक करून एकूण किलोमीटरचा आकडा आणा. आणला? आता किल्ली बंद. आता काडी दाबा. सोडू नका! दाबूनच किल्ली ऑनला घ्या, इंजिन नाही चालू करायचं. धरून ठेवा.”

मी धरून ठेवली. अण्णा बोटांवर मोजत होते. सातला पाना लुकलुकायला लागला. अकराला तो गेला.

गेला! मी किल्ली बंद केली, पुन्हा चालू केली. सगळे दिवे लागले, सगळे विझले. काचेमागे फक्त आकडा : ४२,८५२. मला अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं.

“तुम्हाला कसं काय माहीत?” मी विचारलं. “तुम्ही पण स्वतः ऑइल बदलता?”

“छे!” अण्णा म्हणाले. “मी दिवा बदलतो.”

“आणि ऑइल?”

“आहे की. पट्टीला लागतं.”

“पण बदललंत कधी?”

अण्णांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तुमची मोठी मुलगी बारावीला होती ना, तेव्हा.”

मोठी मुलगी आता नोकरीला आहे. पण अण्णांच्या गाडीत एकही दिवा लागत नाही. त्यांची बायको त्या गाडीत निर्धास्त बसते, आणि सोसायटीत त्यांची ‘गाडी कशी ठेवावी तर अण्णांसारखी’ अशी ख्याती आहे. माझ्या चेंबरमध्ये मधासारखं ऑइल, तर मी सहा दिवस आरोपी. त्यांच्या चेंबरमध्ये काय असेल याची कल्पनाही करवत नाही, तर ते माहितगार. बायकोने सोमवारी ज्या माणसाला गाडी दाखवायला सांगितलं होतं, तो हाच.

उरलं जुनं ऑइल. साडेतीन लिटरमधून फरशीने आणि बाहीने घेतलेलं वजा जाता जे होतं ते कॅनमध्ये भरून बाल्कनीत ठेवलं होतं. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी बघूनच मान हलवली, आणि त्यांचं बरोबर होतं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं. “गटारात ओता ना,” असं सुचवणारा शेजारी प्रत्येक इमारतीत एक असतो. आमच्याकडचं गटार नाल्याला मिळतं आणि नाला मुठेला. मुठेची आधीच जी दशा आहे तीत माझी भर नको. म्हणून कॅन घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यांच्याकडे जुन्या ऑइलचं पिंप असतं, ते नेणारा माणूस ठरलेला असतो.

फिटरने कॅनचं झाकण उघडलं. दोन थेंब बोटावर घेतले, अंगठ्याने चोळले, उजेडात धरले, वासही घेतला. मी श्वास रोखून उभा.

“साहेब, कशाला काढलंत? अजून दोन हजार आरामात गेलं असतं.”

बोटांत चोळून ऑइलचं आयुष्य कळत नाही, आणि काळं झालेलं ऑइल संपलेलंच असतं असंही नाही. काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण त्याच्या अंगठ्यापुढे माझी हिंमत झाली नाही. त्याने हात चिंधीला पुसले, टेबलाच्या खणातून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, “कितीला बदललं?” विचारलं, आणि बॉलपेनने लिहिलं : ऑइल ४२,६४०. पुढचं ४७,६४०.

“पाच हजारच?”

“आम्ही पाचच लिहितो.”

कार्डाला सुतळी होती. मी ते स्टिअरिंगपाशी अडकवलं. बरोबर मामांच्या पद्मिनीत असायचं तिथे.

संध्याकाळी बायको गाडीत बसली. तिने आधी काचेमागे बघितलं, पाना नव्हता. मग कार्डाकडे बघितलं. “म्हणजे पुढचं कधी?”

आता कार्डाप्रमाणे ४७,६४० ला. माझ्या डायरीप्रमाणे ५२,६४० ला. पान्याला मी शनिवारी उठवलं, म्हणून त्याच्या हिशोबाने ५२,८५२ ला, कारण मधले २१२ किलोमीटर आम्ही त्याच्याशी भांडत चालवले आणि ते त्याने माफ केले. मी हे नीट, सावकाश समजावून सांगितलं. तिने नीट, सावकाश ऐकून घेतलं.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेली. त्यावर सिलिंडर लावल्याची तारीख असते, दुधाचे खाडे असतात, आणि डिसेंबरच्या पानाच्या तळाला ‘नवीन कॅलेंडरवर लिहिणे’ अशी यादी असते. त्या यादीत विम्याच्या हप्त्याखाली तिने लिहिलं : गाडी, ऑइल. तारीख टाकली. किलोमीटर वगैरे काही नाही.

यादीच्या शेजारीच, सोमवारच्या शाईने, ‘गाडीतल्या दिव्याचं काय ते बघणे’ असं होतं.

“ते खोड ना आता,” मी म्हटलं. “विझला ना तो.”

तिने पेनाला टोपण लावलं.

“चार दिवस जाऊ देत,” ती म्हणाली.